दाराचा प्रश्न प्रलंबित आहे

११ जानेवारी

आजपासून रोजनिशी लिहायची. मोठी कामं करणारी माणसं लिहितात, आणि मी आता मोठं काम करतो आहे. ताईचं प्रसूतिगृह बांधतो आहे. म्हणजे बांधणारा ठेकेदार आहे, आराखडा आर्किटेक्टचा आहे, बीम-कॉलम इंजिनियरांचे आणि नळ प्लंबरचे; पण या चौघांना एका टेबलाशी बसवून त्यांच्याकडून निर्णय काढून घेणं हे माझं काम. त्याला समन्वयक म्हणतात. बायको त्याला 'चहा सांगणारा' म्हणते.

आजच्या सभेत एकच विषय होता, तपासणीच्या खोलीची खिडकी. सकाळी बसलो ते जेवणाच्या वेळेला उठलो. आर्किटेक्टला ती उभी हवी. ठेकेदाराला आडवी हवी, कारण त्याच्याकडे आडव्या चौकटी पडून आहेत. इंजिनियर दोघांनाही म्हणाले, "चालेल, पण लिहून द्या." प्लंबर म्हणाला, "माझा पाइप सोडून कुठंही करा." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बघू." सभा संपली.

असं चालणार नाही. एप्रिलअखेर ताईला आत्ताची जागा सोडायची आहे. फर्निचरच्या दुकानाच्या वर तिच्या चार खोल्या आहेत. कळा येणाऱ्या बायका कठडा धरून जिना चढतात. मधल्या वळणावर ताईने एक खुर्ची ठेवली आहे, दम खायला. एकदा एकीचं बाळंतपण त्या खुर्चीपाशीच झालं. तेव्हापासून ताईने मनावर घेतलंय की नवी जागा जमिनीलगत हवी, एकही पायरी नको, गाडीतून उतरलेली बाई सरळ आत जायला हवी. आणि हे काम तिने मला दिलं. त्याला देऊ नकोस असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, माझ्या बायकोनेसुद्धा. तरी दिलं. मला त्याचं फार वाटतं.

१४ जानेवारी

उपाय सापडला, तोही घरातच. मेव्हण्याने एक ॲप बनवलं आहे. तो आणि त्याचे मित्र जेवायला बाहेर पडले की कुठे जायचं यावर तासभर फुटपाथवर उभे राहायचे. आता ॲप प्रत्येकाला विचारतं, उत्तरं गोळा करतं आणि जागा सांगून मोकळं होतं. मी म्हणालो, हेच बांधकामासाठी करून दे. तो म्हणाला, "भाऊजी, माणसं तीच, फक्त प्रश्न बदलायचे."

ॲपचं नाव आम्ही 'एकमत' ठेवलं. नियम मी स्वतः घातले. पहिला, प्रश्न सगळ्यांना एकाच वेळी जाईल आणि संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं. दुसरा, कुणी उत्तर दिलं नाही तर त्याच्या आजवरच्या सवयीवरून ॲपच त्याच्या वतीने उत्तर देईल. तिसरा, आकड्यांवर मतभेद झाले तर सरासरी. चौथा, मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्ष मी. आणि पाचवा, ज्याचा मला सर्वांत अभिमान आहे: एखादा प्रश्न सुटला नाही म्हणून काम थांबणार नाही. तेवढी बाब वगळून पुढे जायचं.

पाचवा नियम ऐकून बायको हसली. काय हसण्यासारखं आहे ते विचारलं तर सांगेना.

२० जानेवारी

चमत्कार! खिडकी चहा गार व्हायच्या आत सुटली. उभी आणि आडवी यांची सरासरी चौकोनी. कुणालाच नको होती, त्यामुळे कुणी भांडलं नाही.

फरशीचा रंगही लागला मार्गी. आर्किटेक्टने पांढरा सांगितला, ताईने हिरवा, ठेकेदाराने तपकिरी (पडून आहे). जो रंग निघाला त्याला नाव नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा आम्ही परत पाठवलेला माल आहे." पण तो ठरला, हे महत्त्वाचं.

मेव्हण्याच्या काही जुन्या गोष्टी काढायच्या राहिल्या आहेत. काँक्रीटच्या प्रश्नाखाली 'तिखट, मध्यम, फिकं' असे पर्याय आले. बहुमताने मध्यम. इंजिनियरांनी विचारलं, मध्यम म्हणजे नेमकं काय? ठेकेदार म्हणाला, "आम्ही नेहमी मध्यमच करतो." मग तेही म्हणाले, चालेल, पण लिहून द्या.

२ फेब्रुवारी

ताई साइटवर आली आणि चिडली. जोत्याच्या कडेला एक पायरी बांधून झाली होती. मी समजावून सांगितलं की आर्किटेक्टला दोन हव्या होत्या, तिला शून्य, म्हणून एक आली.

"अरे ठोंब्या, मी एकही पायरी नको म्हणून हे घर बांधतेय."

"तुझ्याच बाजूने झुकलंय ताई. दोनाची एक झाली."

"स्ट्रेचर काय अर्धं चढतं आणि अर्धं उतरतं?"

मग ती म्हणाली, "तुला काय वाटतं? पायरी हवी की नको?" मी म्हणालो, अध्यक्षाने सभासदांवर प्रभाव टाकणं बरं नव्हे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी मी चुकीच्या पायात चप्पल घालून आलो की पाहायची तसं. मग ठेकेदाराला बोलावून तिने पायरी फोडायला लावली आणि उतार करायला सांगितलं.

जाताना मला म्हणाली, "हे शेवटचं. यापुढे मी सांगणार नाही. तू सांगायचंस. मी बाळंतपणं करू की विटा बघू?"

मला थोडं लागलं. माझ्यावर सगळा भार टाकून ती हात झटकते आहे असं वाटलं.

१३ फेब्रुवारी

आज मुख्य दाराचा प्रश्न टाकला. आर्किटेक्ट: समोर, मधोमध, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. प्लंबर: समोर, कारण त्याचे पाइप बाजूला आहेत. इंजिनियर: बाजूला, समोरच्या बीमला हात लावू नका. ठेकेदार: बाजूला, तिथे त्याचा ट्रक वळतो. दोन विरुद्ध दोन. सरासरी काढली तर दार बरोबर कोपऱ्यावरच्या कॉलममध्ये येतं.

सगळं ताईच्या मतावर होतं. तिने लिहिलं, "तू सांग."

आता 'तू सांग' हे काय मत झालं? मी तिला तसं कळवलं. तिचं पुन्हा उत्तर: "तू सांग." मोठी डॉक्टर आहे, पण साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नाही.

प्रश्न प्रलंबित.

२२ फेब्रुवारी

'एकमत' आता इतकं तयार झालं आहे की माणसांना त्रासच उरला नाही. आपण उत्तर दिलं काय नि ॲपने दिलं काय, सारखंच निघतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं, म्हणून सगळ्यांनी स्वयंचलित उत्तर चालू केलं. मीही केलं. सभेला माणसं येतात, फोन टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि बाहेर जातात. आत फोनची सभा चालते. अधूनमधून एखादा थरथरतो.

आज मी ट्रेपाशी बसून होतो. बाहेर हे चौघे सिमेंटच्या गोण्यांवर बसून चहा पीत होते आणि त्यांचं बोलणं खिडकीतून (चौकोनी) ऐकू येत होतं. ठेकेदार म्हणाला, दार बाजूलाच बरं, वर छप्पर टाकू, गाडी थेट खाली लागेल, पाऊस नाही, ऊन नाही. आर्किटेक्ट म्हणाला, "मग समोर मी ताईंच्या नावाची मोठी पाटी लावतो, तिथे मला मोकळी भिंत मिळेल." प्लंबर म्हणाला, "पाइप काय, वीतभर सरकवतो." इंजिनियर म्हणाले, "चालेल." लिहून द्या म्हणालेच नाहीत.

मी बाहेर गेलो आणि स्पष्ट सांगितलं की ही चर्चा अनधिकृत आहे. इथे ठरलेलं काहीही धरलं जाणार नाही. तुमची अधिकृत मतं आत टेबलावर आहेत आणि ती अजून दोन-दोन आहेत.

प्लंबरने चहा ओतून टाकला. शिस्त लावताना माणूस थोडा अप्रिय होतोच.

९ मार्च

पाण्याची टाकी बाजूच्या भिंतीशी उभी राहिली, अगदी ते चौघे दारासाठी म्हणत होते त्याच जागी. टाकीचा प्रश्न सुटलेला होता, दाराचा नव्हता.

पाचव्या नियमाने काम भराभर चाललं आहे. गवंड्यांनी मला विचारलं, दारासाठी फट कुठे सोडायची? मी म्हणालो, तो विषय प्रलंबित आहे, तेवढा वगळून भिंत करा. त्यांनी दार वगळलं आणि भिंत केली. चारही बाजूंनी. कामगार आता शिडीने खिडकीतून आत जातात नि त्याच खिडकीतून बाहेर येतात. कुणाची तक्रार नाही.

२१ मार्च

गिलावा झाला. आर्किटेक्ट रस्त्याच्या पलीकडे उभा राहून किती तरी वेळ पाहत होता. म्हणाला, "इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. कुठे नजर अडकतच नाही." त्याने फोटो काढले.

ते फोटो पाहून दुसरा एक बिल्डर आज भेटायला आला. आमचे सगळे निर्णय वेळेत होतात हे ऐकून आला होता. मी त्याला ट्रे दाखवला. त्याला फार आवडलं. मग इमारतीला चक्कर मारली आणि विचारलं, "आत कसं जायचं?"

"तो प्रश्न प्रलंबित आहे."

त्याने मान डोलवली. "आमच्याकडे जिन्याचं तसंच आहे," तो म्हणाला. निघताना मेव्हण्याचा नंबर घेऊन गेला.

पायरी फोडली त्या दिवसानंतर ताई इकडे फिरकली नाही. रोज फोन करते, पण विचारते एवढंच, "वेळेत होतंय ना?" मी म्हणतो, होतंय. दाराचं भिजत घोंगडं फोनवर सांगण्यासारखं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते.

५ एप्रिल

बायकोने आज मुद्दाम मला शेजारी बसवून विचारलं, "अहो, ॲप राहू दे. तुम्हाला स्वतःला दार कुठे हवंय?"

मी म्हणालो, अध्यक्षाला असं विचारत नाहीत.

"मी अध्यक्षाला नाही विचारत, नवऱ्याला विचारतेय."

मी आराखडा समोर ठेवून बसलो. प्रामाणिकपणे विचार केला. समोर म्हटलं की समोर बरं वाटायचं, बाजूला म्हटलं की बाजूला. मला मतच नाही असं दिसलं. दाराबद्दलच नाही, कशाबद्दलच. शाळेतले माझे शर्ट ताईने निवडले, कॉलेजची शाखा ताईने ठरवली, पहिली नोकरी तिने शोधली. बायकोसुद्धा तिनेच पाहिली. मी हे मोठ्याने बोलून गेलो.

"आणि मी हो म्हटलं तेही तिलाच," बायको म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तिला आता दमायला झालंय. कळतंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, दिवसाला तीन-तीन बाळंतपणं करते, दमणारच. बायको उठून आत गेली.

२८ एप्रिल

आज ताई आली.

इमारतीला तिने एक चक्कर मारली. मग आणखी एक, भिंतीवरून हात फिरवत. एकदा थांबून तिने भिंतीला टिचकी मारून पाहिली. मी मागे मागे चालत होतो. तिसऱ्यांदा कोपऱ्यावर आल्यावर ती एका खोक्यावर बसली.

"दार कुठंय रे?"

"प्रलंबित आहे."

"परवा मला जागा सोडायची आहे. कालपासून दुकानवाल्याने जिन्यात कपाटं रचलीत. चढायलाच जागा नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "सगळे नको म्हणत होते, मी म्हटलं, करेल तो." आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली. माझी मलाच एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मी तत्काळ पावलं उचलली. दाराचा प्रश्न तातडीचा म्हणून पुन्हा टाकला. मेव्हण्याने ते बटण बदललेलं नाही, त्यामुळे सगळ्यांना "फार भूक लागली आहे" असा संदेश गेला. चौघांच्या फोननी लगेच उत्तरं दिली. दोन-दोन. ताईच्या फोनने तिच्या पिशवीतूनच दिलं: तू सांग.

२९ एप्रिल

सामान हलवायला सुरुवात. खुर्च्या, चादरी, पेट्या खिडकीतून आत गेल्या. बाळंतपणाचं टेबल गेलं नाही. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. खिडकी चौकोनी असल्यामुळे दोन्ही सारखंच. टेबल बाहेर उभं आहे, वर ताडपत्री घातली आहे.

३० एप्रिल

आज अक्षराकडे पाहू नये.

सकाळी शेवटचा ट्रक आला. जुन्या जागेला कुलूप लागलं होतं आणि तिथल्या पाटीवर ताईने नवा पत्ता रंगवून घेतला होता. आम्ही सगळे अंगणात होतो. चौघेही होते, इंजिनियरसुद्धा. आता खिडकीच मोठी करावी का, असा प्रश्न मी ॲपवर टाकतच होतो, तेवढ्यात एक गाडी थांबली. आतून एक बाई उतरली, दोन्ही हातांनी पोट धरलेली. बरोबर तिची सासू.

"दवाखाना हाच ना?" सासूने विचारलं.

"हाच."

"दार कुठंय?"

मी सवयीने म्हणालो, "तो प्रश्न..." पण तिने मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. तिने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ताईने एव्हाना ट्रकमधली गादी ओढून भिंतीलगत टाकली होती आणि त्या बाईला तीवर निजवलं होतं. "वेळ नाही," ती म्हणाली. "पाणी गेलंय हिचं." रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. सासू पदर पसरून आडोसा करत होती, पण एका पदराने किती होणार?

ठेकेदार ट्रकमधून घण घेऊन धावत आला. "साहेब, कुठे मारू?"

आर्किटेक्ट ओरडला, "समोर! मधोमध!"

"समोर बीमला धक्का लागेल," इंजिनियर म्हणाले.

"बाजूला टाकी आहे," प्लंबर म्हणाला.

ठेकेदार ताईकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा."

ताईने त्या बाईचा हात हातात धरला होता. मान वर न करता म्हणाली, "तो सांगेल."

मी फोन उघडला. दाराच्या प्रश्नाखाली सगळी उत्तरं होती. ती दोन आणि दोन मतं होती. ताईचं 'तू सांग' होतं. आणि त्याखाली माझं नाव होतं. मी तर मत दिलंच नव्हतं. पण ॲपने सवयीवरून माझ्या वतीने रोज दिलं होतं, फेब्रुवारीपासून. बघू. बघू. बघू. बघू. मी अंगठ्याने वर सरकवत गेलो तरी संपेना. मी वाचत असतानाच आजचंही आलं: बघू.

बाई ओरडली. असं ओरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ताईचं सगळं आयुष्य ते ऐकण्यात गेलंय, हे मला तेव्हा कळलं.

"इथे," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ठेकेदारालाही आला नसावा, त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"इथे. फोड."

"अहो, तिथे काय..." आर्किटेक्ट म्हणाला.

"फोड म्हणतोय ना!"

इंजिनियर पुढे आले. "चालेल, पण लिहून..." मी त्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि भिंतीवरच लिहिलं, 'मी सांगितलं.' खाली सही केली. पहिला घण त्या सहीवरच बसला.

विटा सुटायला लागल्या. प्लंबर पहारीने, आर्किटेक्ट हातांनी, इंजिनियरसुद्धा बाह्या सरसावून. धुरळ्यातून ठेकेदाराने विचारलं, "वर किती घेऊ?" तेवढ्यात पुन्हा कळ आली. मी म्हणालो, "एवढं पुरे. उचला!" आम्ही गादीचे चार कोपरे धरले आणि वाकून आत शिरलो. ती चादरी धुण्याची खोली निघाली. धुण्याच्या कट्ट्यालगत, त्या नाव नसलेल्या रंगाच्या फरशीवर आम्ही गादी टेकवली आणि ताईने आम्हा सगळ्यांना बाहेर हाकललं.

मी भगदाडापाशी विटांच्या ढिगावर बसलो. ट्रकच्या टपावर ठेवलेला कुणाचा तरी फोन थरथरत होता, त्याच्याकडे कुणी गेलं नाही. मग आतून ते रडणं आलं, बारीक आणि रागावलेलं. ठेकेदाराने डोळे पुसले आणि धुरळा फार उडाला म्हणाला.

बऱ्याच वेळाने ताई वाकून बाहेर आली. केसांत चुना, हात कोपरापर्यंत धुतलेले.

"मुलगी आहे. दोघी छान आहेत." ती माझ्याशेजारी विटांवर बसली. भगदाडाकडे बघत म्हणाली, "दवाखान्याचं दार धुण्याच्या खोलीत उघडतं का रे कुठे?"

"नाही."

"मग इथेच का सांगितलंस? काय विचार करून?"

मी खरं ते सांगितलं. "मी इथे उभा होतो."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. इतकी हसली की तिला माझा खांदा धरावा लागला. लोक बघत होते, पण ती थांबेना, आणि मग मलाही आवरेना. तिला असं हसताना मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

आर्किटेक्ट हळूच जवळ आला. म्हणाला, हे तात्पुरतं समजून बुजवून घेऊ, आणि दाराचा विषय सोमवारी नव्याने टाकू. मी म्हणालो, "नाही. दार हेच. धुण्याची खोली दुसरीकडे जाईल. टाकीच्या अलीकडून गाडीला रस्ता करा." तो म्हणाला, "बरं." नुसतं बरं. ठेकेदारही बरं म्हणून पहार उचलायला गेला. मी वाट पाहत होतो, पण पुढे काहीच झालं नाही. एवढंच असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता हे चुकलं तर माझं चुकणार, या विचाराने मला घाम फुटला. अजून फुटतो आहे.

आतून सासूने हाक मारली. ताई उठली, कंबरेला हात लावून क्षणभर उभी राहिली, आणि लगबगीने आत शिरताना तिचं कपाळ वरच्या विटेवर खाडकन आपटलं.

"आई गं! ही उंची कुणी ठरवली?" ती आतून ओरडली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी," मी म्हणालो.